निकालपत्रात लिहिलं, खात्यात आलंच नाही

आमच्या ऑफिसात मराठी माणूस आला की मी एक गोष्ट आधी विचारते, कर्ज किती आहे ते नंतर. "रिटायरमेंटच्या खात्यातून काही काढलंत का?" आणि समोरचा माणूस बहुतेक वेळा थोड्या अभिमानानंच मान डोलावतो. काढलंय. सगळं काढून कार्डं भरलीत. "आता फक्त उरलेल्याचं बघायचंय."

मी न्यू जर्सीत दिवाळखोरीचं काम करणाऱ्या एका वकिलाकडे पॅरालीगल आहे. म्हणजे वकील नाही. वकील ज्या कागदांवर सही करतात त्यातला जवळपास प्रत्येक आकडा भरणारी. इथे सांगते आहे त्यात माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून गावं, नोकऱ्या, रकमा बदलल्या आहेत. कायदा मात्र आहे तसाच ठेवलाय. हा सल्ला नव्हे. सल्ला द्यायचा मला परवाना नाही, याची आठवण बॉस मला अधूनमधून करून देतात, विशेषतः मी फोनवर मराठीत बोलत असले की.

तर तो अभिमान. घटस्फोटानंतर कर्जात बुडालेला आमचा माणूस शेवटपर्यंत दिवाळखोरीचं नाव काढत नाही. लोक काय म्हणतील, मंडळात कळलं तर, गावाकडे आईला कोण सांगणार. मग तो ४०१(के), म्हणजे कंपनीमार्फतचं निवृत्तीचं खातं, मोडतो. नोकरी गेलेली असते, त्यामुळे पैसे काढता येतात. साठ हजार मागितले की हातात अठ्ठेचाळीस येतात, कारण वीस टक्के करापोटी तिथेच कापले जातात. साडेएकोणसाठ वर्षं पुरी नसतील तर पुढच्या एप्रिलमध्ये बहुतेक वेळा दहा टक्के दंड, म्हणजे आणखी सहा हजार. वर केंद्राचा आणि राज्याचा आयकर. एवढं सोसून कार्डांवर जे भरलं, ते कर्ज तीन-चार महिन्यांत कोर्टानं तसंही पुसून टाकलं असतं. आणि जो पैसा भरला त्याला दिवाळखोरीत कुणी हातसुद्धा लावू शकलं नसतं. हे सांगायची वेळ आली की बॉस खुर्ची मागे ढकलून खिडकीबाहेर बघतात आणि सांगायचं काम माझ्याकडे येतं.

पिस्कॅटवेच्या बाजूचे एक गृहस्थ असेच आले. पन्नाशीचे, आयटीतले, घटस्फोट होऊन वर्ष झालेलं. पैसे काढलेले होते, पण चेक बँकेत टाकून ते देणेकऱ्यांशी घासाघीस करत बसले होते, म्हणून थोडेच गेले होते. बॉसनी पहिल्यांदा तारीख विचारली. काढल्यापासून साठ दिवसांच्या आत ते पैसे आयआरएमध्ये, म्हणजे स्वतः उघडलेल्या निवृत्ती खात्यात, परत ठेवता येतात. बरणीतलं लोणचं एकदा ताटात वाढलं की परत बरणीत टाकू नये असं आपल्याकडे म्हणतात. अमेरिकेचा करकायदा इथे साठ दिवसांपुरता का होईना, आजीपेक्षा उदार आहे. दिवाळखोरीच्या कायद्यातही कलम आहे की या मुदतीत असलेली रक्कम नुसती खात्याबाहेर आली म्हणून उघडी पडत नाही. गृहस्थांच्या हातात दोन आठवडे उरले होते. पंचेचाळीस हजार परत गेले. कापलेले बारा हजार पदरचे घालून भरायला त्यांच्याकडे नव्हते, तेवढ्यावर आणि आधी गेलेल्या थोड्यांवर कर आणि दंड बसला. जाताना त्यांनी विचारलं, "पण ताई, हे बरोबर आहे का? लोकांचे पैसे बुडवून स्वतःचे राखायचे?" मी म्हटलं, हा प्रश्न अमेरिकेच्या संसदेनं १९७४ मध्येच निकालात काढलाय.

त्या वर्षी एरिसा नावाचा कायदा झाला. कंपन्यांच्या पेन्शन योजनांमधला कामगाराचा हक्क कुणाला विकता येणार नाही, गहाण टाकता येणार नाही, देणेकऱ्याला ओढता येणार नाही, असं त्यात लिहिलं. म्हातारपणी माणूस सरकारच्या दारात उभा राहू नये, हा त्यामागचा रोकडा हिशोब. पुढे वाद असा झाला की दिवाळखोरीत हे बंधन चालतं का. व्हर्जिनियातल्या एका फर्निचर कंपनीचा अध्यक्ष कंपनीसकट बुडाला. त्याच्या पेन्शनमधल्या अडीच लाख डॉलरांवर देणेकऱ्यांसाठी मालमत्ता गोळा करणाऱ्या ट्रस्टीनं हक्क सांगितला. १९९२ मध्ये पॅटरसन विरुद्ध शुमेट या खटल्यात सुप्रीम कोर्टानं एकमतानं सांगितलं की हा पैसा दिवाळखोराच्या इस्टेटीत येतच नाही. तो वाचवायला सवलत मागायची गरज नाही. मुळात तो टेबलावरच नाही. आयआरएचं तसं नव्हतं, कारण ते माणसानं स्वतः उघडलेलं खातं. त्यासाठी आर्कान्सातलं एक जोडपं भांडलं आणि ४ एप्रिल २००५ ला जिंकलं. गंमत म्हणजे त्यानंतर सोळाच दिवसांनी बुशसाहेबांनी नव्या दिवाळखोरी कायद्यावर सही केली आणि तेच संरक्षण पुस्तकात छापलं गेलं. आयआरएला वरची मर्यादा आहे, १ एप्रिल २०२५ पासून १७,११,९७५ डॉलर, आणि ४०१(के)मधून वळवून आणलेला पैसा त्या मर्यादेत मोजतही नाहीत. मर्यादेला भिडेल एवढा पैसा असलेला माणूस आमच्या पायऱ्या सहसा चढत नाही.

एवढं सगळं सांगूनही कुणाचा विश्वास बसला नाही तर बॉस ओ. जे. सिम्प्सन या अमेरिकी फुटबॉलपटूचं उदाहरण काढतात. १९९७ मध्ये दिवाणी कोर्टानं दोन खुनांबद्दल त्याच्यावर तीन कोटी पस्तीस लाख डॉलरांच्या आसपास भरपाई बसवली. मृतांचे नातेवाईक वर्षानुवर्षं मागे लागले. फुटबॉलच्या पेन्शनला त्यांना हात लावता आला नाही. "त्याची पेन्शन राहिली," बॉस म्हणतात, "तुमचा गुन्हा तर क्रेडिट कार्डाचा आहे." हे उदाहरण मला कधीच आवडलेलं नाही, पण समोरच्याच्या चेहऱ्यावर तेवढ्यानं रंग येतो हे कबूल करायला हवं.

घटस्फोट आणि दिवाळखोरी एकमेकांच्या पाठोपाठ का येतात, हे बाहेरून कळत नाही. एकाच्या पगारात एक घर चालायचं, आता दोन चालवायची, हे कारण आहेच. पण आमच्याकडे येणाऱ्या बायकांच्या फायलींत मला सारखं दिसतं ते वेगळं. डिक्रीत लिहिलेलं असतं की अमुक दोन कार्डं नवऱ्यानं फेडायची. न्यायाधीशांची सही, शिक्का, सगळं. पण कार्ड दोघांच्या नावावर असतं आणि बँक त्या खटल्यात पक्षकारच नसते. नवऱ्यानं हात वर केले की बँक सरळ बायकोकडे येते, आणि डिक्री दाखवली तर बँकेचा वकील नम्रपणे म्हणतो, ते तुमचं तुम्ही बघा. निकालपत्र नवरा-बायकोला बांधतं, तिसऱ्याला नाही. ही गोष्ट लग्न मोडतानाच्या गडबडीत कुणी नीट समजावून सांगत नाही.

साताऱ्याकडच्या एक बाई होत्या. त्यांचीच फाइल माझ्या सगळ्यात जास्त लक्षात आहे, कारण ती लवकर संपेचना. लग्नानंतर त्या एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर, आल्या. तेव्हा त्या व्हिसावर नोकरी करता येत नसे. २०१५ च्या मे महिन्यात मुभा मिळाली, तीही सगळ्यांना नाही. ग्रीन कार्ड येईपर्यंत मुलगी मोठी झाली होती. मग त्यांनी एका पाळणाघरात नोकरी धरली. साहजिकच आयुष्यभराची बचत होती ती नवऱ्याच्या कंपनीतल्या ४०१(के)मध्ये, नवऱ्याच्या नावावर. घटस्फोट झाला. डिक्रीत अर्धा वाटा यांना. मग नवरा टेक्सासला गेला, तिकडे त्यानं स्वतःच दिवाळखोरी केली आणि दोघांच्या कार्डांची सगळी भरपाई बँकेनं यांच्याकडे मागितली. बँकेनं कोर्टातून हुकूम आणला. पगारातून दहा टक्के कापून जायला लागले.

त्या आल्या तेव्हा हातात किराणा दुकानाची कापडी पिशवी, आणि तीत न उघडलेली पाकिटं. हे नेहमीचंच, पाकिटं फोडणं हे आमचं पहिलं काम. त्यांना वाटत होतं आजच अर्ज होईल. अर्ज कोर्टात पडला की त्या क्षणी पगाराची कपात थांबते, हे त्यांना पाळणाघरातल्या कुणीतरी बरोबर सांगितलं होतं. बॉसनी डिक्री चाळली आणि विचारलं, "क्वाड्रो कुठाय?"

"ते काय असतं?"

बॉसनी चष्मा काढला. हे लक्षण चांगलं नसतं.

एरिसाची भिंत देणेकऱ्यांना अडवते, तशी बायकोलाही अडवायची. घटस्फोटित बायका वाटा मिळूनही रिकाम्या हातानं राहायच्या. म्हणून १९८४ मध्ये संसदेनं भिंतीला एकच दार पाडलं. घटस्फोटाच्या कोर्टानं ठरावीक नमुन्यातला हुकूम काढायचा, योजनेच्या व्यवस्थापकानं तो तपासून मंजूर करायचा, की मग घटस्फोटित जोडीदार त्या योजनेचाच लाभार्थी होतो. त्या हुकमाला इथे सगळे क्वाड्रो म्हणतात. डिक्री वेगळी, क्वाड्रो वेगळा. नुसती डिक्री पेन्शनवाल्यांना दाखवली तर ते ती फायलीत लावतात आणि पैसे जिथे आहेत तिथेच राहतात. बाईंच्या डिक्रीत एक ओळ होती की क्वाड्रो तयार करण्यात दोन्ही पक्ष सहकार्य करतील. कोण तयार करणार, कधी करणार, त्याचे पैसे कोण देणार, काही नाही. तिच्या वकिलाला वाटलं त्याचा वकील करेल, त्याच्या वकिलाला करायची काही घाई नव्हतीच. दोघांची फी मिळाली, फायली बंद झाल्या. वर्षं गेली.

"अगं पण जजनं लिहिलंय ना, अर्धे माझे म्हणून?" त्या मला मराठीत म्हणाल्या. लिहिलंय. पण अर्जात मी काय लिहू? तुमच्या नावावर खातंच नाही.

बॉसनी मग मिनेसोटातल्या माणसाची गोष्ट सांगितली. आमच्या धंद्यात ती सगळ्यांना ठाऊक आहे. त्या माणसाला घटस्फोटात बायकोच्या ४०१(के)मधला वाटा आणि तिचा आयआरए मिळाला. क्वाड्रो त्यानं केलाच नाही. २०१८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि हा पैसा निवृत्तीचा म्हणून सुरक्षित आहे असं लिहिलं. हरकत घेतली कुणी? त्याच्याच घटस्फोटाच्या वकिलानं. त्याची फी थकली होती आणि त्यासाठी त्यानं त्याच पैशांवर बोजा चढवून ठेवला होता. दिवाळखोरीच्या अपील पीठानं आणि २०२० मध्ये त्या भागातल्या अपील कोर्टानंही वकिलाच्या बाजूनं कौल दिला. त्यांचं म्हणणं असं: ही बचत या माणसानं स्वतःच्या म्हातारपणासाठी बाजूला टाकलेली नाही, ती दुसऱ्या कुणाची होती, याला ती मिळाली ती फक्त मालमत्तेच्या वाटणीत. म्हणजे याच्या हातात ती निवृत्तीची पुंजी उरत नाही. मला हा निकाल पटत नाही. संसार दोघांचा असतो तेव्हा एकाच्या पगारातून कापलेला पैसा दोघांच्या म्हातारपणाचा असतो. बाई घरी होती म्हणूनच तो कापून घेणं परवडत होतं. पण मला काय पटतं याला कोर्टात किंमत नाही. न्यू जर्सी त्या अपील कोर्टाच्या हद्दीत येत नाही, इथल्या न्यायाधीशांना तो निकाल बांधून घेत नाही. उलट इथे १९९७ चा जुना निकाल आहे की राज्याच्या कायद्याखाली पात्र असलेला आयआरए इस्टेटीतच धरायचा नाही. तरीही इथला एखादा ट्रस्टी मिनेसोटाचा कागद काढून टेबलावर ठेवू शकतो, आणि एक लाख चाळीस हजार डॉलरांवर हा जुगार खेळायची बॉसची तयारी नव्हती.

"आधी पैसे तुमच्या नावच्या खात्यात. मग अर्ज."

आणि तोवर? तोवर पगारातून दहा टक्के जातच राहणार. हा भाग बाहेरच्यांना कळत नाही. आमच्या कामात हातात सगळ्यात मोठं हत्यार असतं ते म्हणजे अर्ज, आणि कधी कधी सगळं कौशल्य ते न उपसण्यात असतं. बाई दर पगाराला फोन करायच्या. "अजून नाही?" अजून नाही.

क्वाड्रोचा मसुदा आम्ही बाहेरच्या एका माणसाकडून करून घेतला. फक्त हेच काम करणारे लोक असतात. न्यू ब्रन्सविकच्या फॅमिली कोर्टात सही झाली. योजनेच्या व्यवस्थापकाकडे गेला. परत आला. कारण योजनेचं नाव चुकलं. मधल्या काळात नवऱ्याची जुनी कंपनी दुसऱ्या कंपनीनं घेतली होती आणि योजनेचं नाव बदललं होतं. हुकमात नाव काटेकोर लागतं. पुन्हा मसुदा, पुन्हा कोर्ट. या सगळ्यात टेक्सासचा नवरा काही आडवा आला नाही. घटस्फोटानंतर सगळे नवरे खलनायक असतात असं नाही; पुष्कळसे नुसते पत्ता न बदलणारे असतात.

शेवटी योजनेत बाईंच्या नावानं वेगळं खातं उघडलं. लगेच त्यांच्या भाच्याचा फोन. तो बँकेत नोकरीला, हुशार. त्यानं वाचलं होतं की क्वाड्रोनं मिळालेले पैसे थेट त्या योजनेतून काढले तर वयाची अट नाही, दहा टक्के दंड नाही. खरं आहे. म्हणून त्याचं म्हणणं, आत्या, काढ, बँकेला एकरकमी देऊन टाक, दिवाळखोरी कशाला? बॉसनी फोन स्पीकरवर घेतला. "दंड नाही, बरोबर. आयकर आहे. आणि बाहेर काढलेला पैसा हा साधा पैसा. बँकेला दिला की गेला. आत राहिला तर यांचा." भाचा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण देणं दिलेलं बरं ना?" इथे पुन्हा तोच प्रश्न. त्या बाईंनी या वेळी स्वतःच उत्तर दिलं. कार्डावर खरेदी कुणी केली, हप्ते कुणी थांबवले, आणि दहा टक्के कुणाच्या पगारातून गेले, हे तिन्ही त्यांनी एका दमात सांगितलं, अस्सल सातारी आवाजात. स्पीकर बंद करायला बॉस विसरले नाहीत, त्यांनी मुद्दामच तो चालू ठेवला असावा.

त्यांचं लग्न दहा वर्षांहून जास्त टिकलं होतं, म्हणून त्या बासष्टच्या झाल्या की नवऱ्याच्या नोंदीवर सोशल सिक्युरिटीही मागता येईल, पुन्हा लग्न केलं नाही तर. हेही त्यांना आमच्याकडेच कळलं. "पुन्हा?" एवढंच त्या म्हणाल्या.

याच्या नेमके उलटे पाहुणेही येतात. एक गृहस्थ कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले. पाकिटांची पिशवी वगैरे काही नाही, छापील यादी. घटस्फोट जवळ आला होता. त्यांचा बेत असा की डिक्री झाली की लगेच दिवाळखोरी करायची, म्हणजे बायकोचा ४०१(के)मधला वाटा कर्जांबरोबर पुसला जाईल. बॉसनी शांतपणे एकेक गोष्ट सांगितली. पोटगी आणि मुलांचा खर्च कुठल्याच दिवाळखोरीत सुटत नाही; त्यासाठी सवलतीतल्या मालमत्तेवरही टाच येते. चॅप्टर सेव्हनमध्ये, म्हणजे कर्ज सरळ पुसणाऱ्या दिवाळखोरीत, घटस्फोटात कबूल केलेली बाकीची देणीही राहतात. चॅप्टर थर्टीनमध्ये, म्हणजे हप्त्यांनी फेडायच्या दिवाळखोरीत, त्यातली काही सुटू शकतात, पण बायकोचा पेन्शनमधला वाटा हे तुमचं देणं नव्हेच, तो तिचा हक्क आहे. पश्चिम किनाऱ्यावरच्या अपील कोर्टानं १९९७ मध्येच तसं म्हटलंय. बँकेला अडवणारी भिंत बायकोला दार उघडते, ती तशीच बांधली आहे. गृहस्थांनी यादी घडी करून खिशात ठेवली. "मग डिक्रीच्या आधी अर्ज केला तर?" आधी केला आणि सहा महिन्यांच्या आत डिक्री झाली, तर घटस्फोटात तुमच्या वाट्याला आलेलं घर किंवा रोख इस्टेटीत जमा होतं, बॉस म्हणाले; कायद्यानं एकशे ऐंशी दिवसांची पहारेदारी ठेवली आहे. ते परत आले नाहीत. सल्ल्याची फी मात्र दिली त्यांनी, चेक वटला.

दिवाळखोरीचा अर्ज कुणाचाही असो, तो केल्यावर महिनाभरानं ३४१ मीटिंग असते. कलमाचा आकडाच नाव झालाय. न्यायाधीश नसतात, ट्रस्टी असतो. कोविडनंतर सगळं झूमवर. शपथ, ओळखपत्र, आठ-दहा प्रश्न, आणि बहुतेक वेळा पाच-सात मिनिटांत संपतं. त्या पाच मिनिटांसाठी आमची तयारी आठवडाभर चाललेली असते. भारतीय नाव दिसलं की ट्रस्टी एक प्रश्न हमखास विचारतो: अमेरिकेबाहेर कुठेही काही मालमत्ता? कायदा जगभरातली मालमत्ता धरतो, आणि खोटं सांगितलं तर कर्जमाफी नाकारली जाते, प्रकरण फौजदारीपर्यंत जाऊ शकतं.

माझ्या मते आमच्या ऑफिसात माझा खरा उपयोग इथे आहे. बॉस तयारीच्या दिवशी इंग्रजीत विचारतात, परदेशात स्थावर जंगम काही? उत्तर येतं, नाही. मग मी विचारते. सातबाऱ्यावर नाव आहे का? "हो, बाबा गेल्यावर वारस नोंद झाली ना. पण ती जमीन काय, चुलते कसतात." पीपीएफ? "ते आहे, स्टेट बँकेत, इकडे यायच्या आधीचं. ते धरायचं असतं?" आईच्या खात्यावर दुसरं नाव? एलआयसी? बॉस आमच्या तोंडाकडे बघत असतात, आणि अर्जासोबतच्या मालमत्तेच्या शेड्यूलमध्ये ओळी वाढत जातात.

अशाच एका घटस्फोटित इंजिनियरांचं नऊएक लाख रुपयांचं पीपीएफ निघालं. ते अमेरिकी करकायद्यातलं निवृत्तीचं खातं नव्हे, त्यामुळे ४०१(के)चं कवच त्याला आपोआप मिळत नाही. मार्ग निघाला तो दुसऱ्याच बाजूनं. त्यांचं घर वाटणीत बायकोकडे गेलं होतं, म्हणून सवलतींच्या केंद्रीय यादीतली राहत्या घराची सवलत रिकामी पडली होती. तिच्यातला १५,८०० डॉलरपर्यंतचा भाग आणि वर १,६७५ कुठल्याही मालमत्तेला लावता येतात. पीपीएफ त्यात बसलं. सातबाऱ्यावरचा हिस्सा आम्ही लिहिला. सामाईक जमीन, चुलत्यांचे वाद, विकायला गेलं तर हाती काय लागणार, म्हणून ट्रस्टीनं सोडून दिला. पीपीएफला इथे आपोआप कवच नाही हे ऐकून वडील, हयात असते तर, वैतागले असते असं इंजिनियर म्हणाले. ते सरकारी नोकरीत होते. आपल्याकडे दिवाणी प्रक्रिया संहितेचं साठावं कलम पीएफला आणि सरकारी पेन्शनला जप्तीतून वगळतं, आणि २००८ मध्ये तर आपल्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की पेन्शन-ग्रॅच्युइटीचे पैसे मुदत ठेवीत टाकले तरी त्यांचं ते स्वरूप जात नाही. हे मी बॉसना सांगितलं तेव्हा त्यांनी तो निकाल मागवून घेतला आणि दुपारभर वाचत बसले. भारतातल्या एखाद्या कोर्टाचं त्यांनी कौतुक केल्याचा तो बहुधा एकमेव प्रसंग.

साताऱ्याच्या बाईंचे पैसे योजनेतून थेट त्यांच्या आयआरएमध्ये वळवून मगच आम्ही अर्ज केला, आणि त्यांची मीटिंग साध्या रीतीनं पार पडली. ट्रस्टीनं क्वाड्रोची प्रत आधीच मागवली होती. आयआरए कुठून आला एवढं विचारलं, बाईंनी "लग्नातून" असं उत्तर दिलं, आणि तो पुढच्या प्रश्नाकडे गेला. हरकत घ्यायला मीटिंग संपल्यापासून तीस दिवस असतात. ते उलटले. कर्जमाफीचा हुकूम आला.

त्यानंतर बॉस एक काम करून घेतात, जे खरं तर त्यांच्या फीमध्ये बसत नाही. आयआरएचा वारसाचा फॉर्म. त्याचं कारण ड्युपाँ कंपनीतल्या एका कामगाराची केस. त्यानं १९७४ मध्ये बायकोचं नाव घातलं, १९९४ मध्ये घटस्फोट झाला, डिक्रीत बायकोनं हक्क सोडला. फॉर्म तसाच राहिला. २००१ मध्ये तो वारला आणि चार लाख दोन हजार डॉलर कंपनीनं घटस्फोटित बायकोला दिले. लेक सुप्रीम कोर्टापर्यंत भांडली. २००९ मध्ये एकमतानं निकाल: योजनेच्या कागदावर जे नाव, त्याला पैसे.

बाईंनी पेन घेतलं. मुलीचं नाव लिहिता लिहिता थांबल्या. "माझ्यामागे हे तिला गेले, तर तिच्याकडेही असेच सुरक्षित राहतील ना?"

बॉसनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. राहतीलच असं नाही. विस्कॉन्सिनमध्ये पिझ्झाचं दुकान चालवणारं एक जोडपं बुडालं. बाईला आईकडून वारशानं आलेला तीनेक लाखांचा आयआरए होता. २०१४ मध्ये क्लार्क विरुद्ध रामेकर खटल्यात सुप्रीम कोर्टानं, पुन्हा एकमतानं, सांगितलं की वारशाचा आयआरए निवृत्तीचा पैसा नव्हे. त्यात वारसाला भर घालता येत नाही, निवृत्ती दूर असली तरी काढत राहावं लागतं, आणि हवं तेव्हा सगळा काढला तरी दंड नाही.

"म्हणजे तिनं कर्ज केलं तर माझे पैसे तिच्या बँकेला?"

"तिनं दिवाळखोरी केली तर," बॉस म्हणाले.

बाईंनी नाव पुरं केलं, सही केली, फॉर्म माझ्याकडे सरकवला आणि पर्स उचलत म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात साखरपुडा आहे. जावयाची कार्डं किती आहेत ते आधी बघते."